आकस

सोमवार. शिरोलीत वीज बंद, भट्टी गार.
मोल्डिंगची नवी लाइन अर्धी उभी, अर्धी अजून खोक्यात,
आणि ती जोडायला आलेला माणूस
माझ्या पॅटर्नच्या शेडमध्ये उकिडवा बसून
सागाचा भुसा हुंगतोय.

नाव लिआंग. पोरांनी आठवड्यात
लिंगाप्पा केलं. तो ओ देतो.

दुभाषी पोरगी इचलकरंजीला, बहिणीच्या साखरपुड्याला.
आमच्या दोघांत एक फोन आणि दोन कप चहा.
फोन म्हणाला : माझे आडनाव तुळस आहे.
मी दाराजवळच्या डब्यातल्या रोपाकडं बोट केलं.
तो हसला, वर बघितलं, पत्र्याखालची तुळई दाखवली,
मग काळ्या वाळूत बोटानं काढली :
वर डावीकडं पाण्याचे थेंब, शेजारी पातं,
खाली झाड.

झाड मी लगेच ओळखलं. जन्म लाकडात गेलाय.
त्यानं झाड वेगळं काढलं. शेजारी आणखी एक : राई.
दोनांच्या डोक्यावर तिसरं चढवलं : अरण्य.
आणि चाळीस वर्षांनी माझ्या तोंडातून
हुदलीकर सरांची छडी बोलली –
वृक्षः वृक्षौ वृक्षाः.

वाटलं, जमलं की राव! एकच नकाशा, दोन कारखाने.
तो हात हलवायला लागला. नाही, नाही.
फोन बऱ्याच वेळानं म्हणाला :
दोन झाडे म्हणजे दोन, आणि झाड. शब्दाला काही होत नाही.

काही होत नाही?
आमच्या सरांच्या वर्गात शब्द वितळायचा.
धातूच म्हणायचे त्याला.
'तुझ्या बापाच्या भट्टीतला नव्हे रे,' म्हणायचे,
पण मला कधी फरक कळला नाही :
तापव, ओत, प्रत्ययाच्या साच्यात गार होऊ दे.
कृ ओतला की कर्ता, कर्म, कारण, कार्य.
संधी असा बसतो
की कानस मारली तरी सांधा सापडत नाही.
आणि वाक्य कसंही उलटंपालटं करा,
खाणाऱ्याच्या छातीवर बिल्ला असतो, पुसट होत नाही.

त्याच्याकडं ओतकाम नाही. जुळणी.
ठोकळे घडवलेले, ना ढाळ ना बिल्ला,
कोण कुणाला खातो ते रांगेवरून.
फोन म्हणाला : रांग बदलली तर फळ माणसाला खाते.
इतक्या गंभीर आवाजात, की माझा चहा बशीत गेला.

मग माझं आडनाव. सुतार.
सर सांगायचे, मूळ सूत्रधार, हातात दोरी धरणारा.
हे फोनला पेललं नाही, म्हणून मी ओळंबा लोंबता धरला.
त्याला कळलं. मला मात्र तेव्हा जाणवलं :
उच्चार किती फिरले असतील कोण जाणे,
पण त्याच्या तुळईत झाड अजून उभं आहे.
माझ्या नावातली दोरी
कुणाच्या तोंडात निसटली, पत्ता नाही.

त्यानं टेबलावरची माझी पट्टी उचलली,
साध्या पट्टीशेजारी लावली, आणि एक बोट वर केलं.
शंभराला एक. बरोबर.
लोखंड निवताना आवळतं, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवायचा.
पेपरात दोन देशांमधला आकस रोज छापून येतो;
आमच्या धंद्यात आकस म्हणजे एवढंच,
गार होणाऱ्यासाठी आधीच सोडलेली जागा.

रस गोठतो तो नेमका टिपूर काळ
त्याला सांगायचा होता. चिमटीत धरून म्हणाला, 'छाना.'
फोन म्हणाला : क्षण.
मी दोनदा म्हणायला लावलं.
क्षण. कुठल्या भिक्षूच्या झोळीतून गेला असेल,
किती थंडीत, किती आकसला.
आणि आमच्याकडं तरी कुठं अख्खा राहिला?
सर म्हणायचे, सण हा क्षणच बाबा, झिजलेला.
त्याला सांगायला गेलो. फोननं सणाचं काय केलं देव जाणे,
त्यानं खिशातून पोरीचा फोटो काढला,
लाल झगा, हातात कंदील.

बाहेरून बाळू ओरडला, 'लिंगाप्पा, वडा आलाय, गरम!'
लाइटचं नाव नाही.
तो उठला, आणि वाळूतलं अरण्य
पायाखाली येऊ नये म्हणून
जरा लांबून गेला.